डॉ. टॉमस आणि अस्थिमज्जेचें रोपण

विज्ञानाच्या इतिहासांत विजयाचे दिवस ठळकपणें नोंदले जातात. माघारीच्या वर्षांची दखल सहसा कोणी घेत नाहीं. परंतु अस्थिमज्जेच्या रोपणाची कथा माघारीवांचून सांगतांच येत नाहीं. त्या कथेचे मुख्य पुरुष म्हणजे अमेरिकेंतील डॉक्टर एडवर्ड डॉनल टॉमस.

हाडांच्या पोकळींत जो मऊ मगज असतो, तीच अस्थिमज्जा. शरीरांतील रक्ताची ती टांकसाळ होय. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविण्यास साह्य करणाऱ्या बिंबिका यांचा जन्म तेथेंच होतो. ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगांत ही टांकसाळच बिघडते आणि खोटें नाणें पाडूं लागते. अपक्व पेशींचें तण माजतें, आणि रोगी रक्तस्रावानें वा जंतुसंसर्गानें दगावतो. तेव्हां रोगट मज्जा किरणांनीं व औषधांनीं नष्ट करावी आणि निरोगी माणसाची मज्जा तिच्या जागीं रुजवावी, ही कल्पना सुचण्यास सोपी, परंतु सिद्धीस नेण्यास अत्यंत बिकट होती.

टॉमस यांचा जन्म १९२० सालीं टेक्सास संस्थानांतील मार्ट या लहानशा गांवीं, एका डॉक्टरांच्या घरीं झाला. १९४६ सालीं हार्वर्ड येथें वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते १९५५ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील कूपरस्टाउन येथील इस्पितळांत रुजू झाले. सहा रोग्यांना शिरेवाटे दुसऱ्याची मज्जा दिल्याची हकीकत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केली. त्यांपैकीं एकही रोगी शंभर दिवसांपलीकडे जगला नाहीं. पुढें दोन रोग्यांना त्यांच्या एकरूप जुळ्या भावंडांची मज्जा देण्यांत आली. ती रुजली, नवें रक्त तयार होऊं लागलें. पण कांहीं महिन्यांतच कर्करोग परतला.

जुळें भावंड नसलेल्यांवर तर दुहेरी संकट ओढवे. एक तर रोग्याचें शरीर परकी मज्जा झिडकारी. आणि ती रुजलीच, तर त्या पाहुण्या मज्जेंतील पेशी यजमानाच्याच त्वचेवर, यकृतावर व आंतड्यांवर तुटून पडत. अनेक संशोधकांनीं हा मार्ग निष्फळ म्हणून सोडून दिला. ज्या उपचाराची आपणांस पुरती जाण नाहीं, तो मरणोन्मुख माणसावर करीत राहावें काय, असा हा प्रश्न होता. टॉमस यांनीं माघार घेतली. मात्र ती प्रयोगशाळेपर्यंतच. ते कुत्र्यांवरील प्रयोगांकडे वळले.

पांढऱ्या पेशींवर माणसामाणसांत भिन्न अशा खुणा असतात, हें पॅरिस येथील ज्यां दॉसे यांनीं १९५८ सालीं दाखविलें होतें. टॉमस १९६३ सालीं सिअॅटल येथें गेले. तेथें त्यांच्या मंडळींनीं कुत्र्यांतील अशाच खुणा ओळखण्याची रीत बसविली. एका वेताच्या पिल्लांपैकीं ज्यांच्या खुणा जुळत, त्यांच्यांत मज्जेची देवघेव केली आणि जोडीला मेथोट्रेक्सेट हें औषध दिलें, तर बहुतेक कुत्रीं दीर्घकाळ जगत. त्या आधारावर १९६९ सालीं सिअॅटल येथें खुणा जुळणाऱ्या भावंडांची मज्जा माणसांना देण्यास आरंभ झाला.

या साऱ्या खटाटोपांत त्यांच्या पत्नी डॉरथी यांचा वाटा मोठा होता. वृत्तपत्रविद्येचा अभ्यास सोडून त्या प्रयोगशाळेचें काम शिकल्या. पुढें पतीचे निबंध तपासणें व संशोधनाचा कारभार पाहणें हींही कामें त्यांनीं केलीं.

१९७७ सालीं टॉमस यांच्या पथकानें शंभर रोग्यांचा वृत्तांत छापला. इतर सर्व उपचार थकलेले असे हे रोगी होते. त्यांतील तेरा जण रोगमुक्त होऊन जगले. उरलेल्यांचे मृत्यूही कारणांसह मांडलेले होते. त्या हिशेबांतूनच पुढची वाट सांपडली : रोग बळावण्यापूर्वीं, औषधानें तो प्रथम दबला असतांच रोपण करावें. तसें करतांच बरे होणाऱ्यांचें प्रमाण पुष्कळ वाढलें. सिअॅटल येथें शिकून आलेले डॉक्टर सुरेश अडवाणी यांनीं १९८३ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत हें रोपण यशस्वी करून दाखविलें.

१९९० सालीं टॉमस यांना मूत्रपिंडरोपणाचे प्रणेते जोसेफ मरी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. २०१२ सालीं ते निवर्तले. या रोपणानें आज जगभर रोगी बरे होतात. त्यांच्या आयुष्याची पायाभरणी १९५७ सालच्या त्या सहा रोग्यांपासून झाली आहे.