राणीच्या बागेतील रविवार



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलण्याचे आमंत्रण दिले तेव्हा मी जरा बिचकलोच. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटाने शिकविले. म्हणून आज आपल्याला मी एका सोप्या वाटेने नेणार आहे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि तिच्याच आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. या संग्रहालयाभोवती मुंबईतील जुने पुतळे मांडलेले आहेत. वाट सपाट आहे, सावली भरपूर आहे, आणि म्हाताऱ्या माणसालाही अर्ध्या तासात सारे पाहून होते.

आरंभी एक दगडी हत्ती लागतो. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. 1814 साली त्याचे डोके गळून पडले. 1864 साली त्याला विलायतेला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. पुढे याच बागेत ते पुन्हा सांधण्यात आले.

पुढे गेले की साहेबांची रांग. बंगालमध्ये 1793 साली कायमधारा लादणारा कॉर्नवॉलिस येथे आहे. त्याच्या पुतळ्याला आपले भोळे लोक एके काळी देव समजून फुले वाहत! ज्याच्या कारकिर्दीत 1802 साली वसईचा तह होऊन पेशवाईच्या गळ्यात फास पडला, तो वेलस्लीही आहे. गायकवाडांच्या पैशाने घडलेली संगमरवरी व्हिक्टोरिया राणी आहे. 1896 साली चाफेकर बंधूंनी डांबर फासले ते हिलाच. आणि घोड्यावर बसलेला राजपुत्र एडवर्ड आहे. अल्बर्ट ससून यांनी खर्च करून 1879 साली तो उभारला. पण लोकांनी राजपुत्राला विचारलेच नाही. त्या चौकाला नाव दिले ‘काळा घोडा’. 1965 साली पुतळा तेथून हलला, तरी चौकाचे नाव तेच राहिले. 2017 साली त्या ठिकाणी नवा घोडा बसविला, तो स्वारावाचून. लोकांनी दिलेल्या निकालावर शंभर वर्षांनी शिक्कामोर्तब झाले, दुसरे काय?

असो. आता खरा प्रश्न विचारतो. ही बाग 1862 साली लोकांसाठी खुली झाली. त्या आधीच, 1850 नंतरच्या दशकात, मुंबईत कापडगिरणी सुरू झाली होती. मग गिरणीतला माणूस या बागेत फिरायला यायचा केव्हा? दिवस उजाडताच भोंगा आणि अंधार पडेपर्यंत साचा, असा त्याचा दिवस. आठवड्याची सुटी त्याच्या नशिबी नव्हती. 1881 च्या कायद्याने महिन्याला चार सुट्या दिल्या, पण त्या लहान मुलांना. बाग उघडी होती. बंद होता तो आठवडा!

तो उघडला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. 1884 च्या सप्टेंबरात परळला कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. पहिली मागणी रविवारच्या सुटीची. सहा वर्षे चिकाटी धरली. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवार मान्य केला, आणि पुढल्या वर्षी कायद्यानेही ती सुटी मान्य केली. लोखंडे 1897 च्या प्लेगात गेले. साहेबांच्या या रांगेत त्यांचा पुतळा नाही, आणि नसावाच!

मी ही बाग प्रथम पाहिली ती 1982 साली. माझे वडील साचेखात्यात होते. 18 जानेवारीला संप झाला आणि अडीच लाख कामगार बाहेर पडले. एके दिवशी वडील मला लालबागहून चालत येथे घेऊन आले, बसचे पैसे वाचावेत म्हणून. मी खुशीत विचारले, “बाबा, आता रोज यायचं का?” ते काळ्या घोड्याकडे पाहत म्हणाले, “पोरा, पगाराची सुटी असली तरच बाग बाग असते.” पुढच्या वर्षी माझी शाळा सुटली तेव्हा या वाक्याचा अर्थ मला कळला.

आज गिरण्या गेल्या. मी ज्यांच्यात काम करतो ती मुले मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवितात. त्यांना रविवार म्हणजे सर्वांत जास्त कामाचा दिवस. एक दिवस घरी बसले तर त्या दिवसाची कमाई बुडते. कायद्याने मिळविलेला दिवस असा मागल्या दाराने निसटतो आहे.

म्हणून आपल्याला विनंती एवढीच की, येत्या रविवारी मुलाबाळांना घेऊन त्या बागेत जा. पुतळे जरूर दाखवा. आणि घरी परतताना मुलांना सांगा, की हा फिरण्याचा दिवस कोणा राणीने दिलेला नाही. तो मागून, भांडून घेतलेला आहे.