डासाच्या पेशी, पुण्यातून जगभर

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि जपानी मेंदूज्वराचे विषाणू डासांमार्फत माणसात येतात. प्रयोगशाळेत मात्र ते बराच काळ उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींत वाढवले जात. डासाची पेशी बाटलीत जगवणे अवघड होते. ऑस्ट्रेलियात ग्रेस यांनी १९६६ मध्ये तशी सेल लाइन जाहीर केली खरी, पण त्या पेशी पतंगाच्या असल्याचे पुढे उघड झाले.

हे काम १९६७ मध्ये पुण्यात साधले. रॉकफेलर प्रतिष्ठान आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी १९५२ मध्ये सुरू केलेले विषाणू संशोधन केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तेथील के. आर. पी. सिंग यांनी एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस या डासांच्या अळ्यांपासून दोन सेल लाइन उभ्या केल्या. पोषक माध्यम उसने, मुळात तुडतुड्यांच्या पेशींसाठी बनवलेले. अल्बोपिक्टसच्या पेशींत डेंग्यूसह अनेक विषाणू वाढू लागले आणि ही सेल लाइन परदेशी प्रयोगशाळांतही पोहोचली.

विषाणू पेशीच्या नेमक्या कोणत्या भागात घडतो, हा पेशीअंगकांचा (पेशीच्या आतल्या घटकांचा) प्रश्न या डासपेशींमुळे ऐरणीवर आला. सिंडबिस हा चिकुनगुनियाच्या कुळातला विषाणू. सस्तन प्राण्यांच्या पेशीत त्याचे नवे कण प्रद्रव्यपटलातून अंकुरासारखे फुटून बाहेर पडतात आणि पेशी लवकरच मरते. अमेरिकेत ग्लीडमन, स्मिथ आणि ब्राउन यांनी १९७५ मध्ये डासपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा कण मुख्यतः पेशीच्या आतल्या पटलबद्ध पिशव्यांत तयार होताना दिसले. तिथे विषाणूची घडण बंदिस्त राहते, पेशी तगते आणि संसर्ग टिकून राहतो. संसर्ग झालेला डास आयुष्यभर रोग पसरवू शकतो, याच्याशी हे चित्र चांगले जुळते. डेंग्यूची तऱ्हा आणखी निराळी: त्याच्या जनुकद्रव्याच्या प्रती आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलांवर तयार होतात, कण तिच्याच पोकळीत अंकुरतात आणि गॉल्गी संकुलातून जाताना पक्व होतात. म्हणजे संसर्ग समजायचा तर विषाणूइतकीच पेशीची आतली रचना तपासावी लागते.

जपानचे अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून सी६/३६ हा क्लोन निवडला. डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या रक्तातून वेगळा करण्यासाठी तो आजही वापरला जातो. विषाणू त्यात जोमाने वाढतो, आणि त्याचे एक कारण २०१० मध्ये कळले: डासाची आरएनए-हस्तक्षेप ही संरक्षणयंत्रणा या पेशींत सदोष आहे. म्हणून केवळ सी६/३६ मधल्या निरीक्षणावरून जिवंत डासाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे. ते दुसऱ्या सेल लाइनमध्ये किंवा प्रत्यक्ष डासात पडताळावेच लागते.