के-२ : वहीतली खूण

१८५६ साली काश्मीरमधल्या हरमुख पर्वतावर थॉमस माँटगोमेरी हा तरुण सर्वेक्षण अधिकारी थिओडोलाइट मांडून बसला होता. दोनशे किलोमीटरहून लांब, सगळ्या रांगांच्या मागे दोन शिखरं डोकं वर काढून होती. त्याने वहीत दोन्हींच्या बाह्यरेषा काढल्या आणि शेजारी लिहिलं : के-१, के-२. ‘के’ हे काराकोरमचं अक्षर. खूण तात्पुरती होती. स्थानिक नाव सापडलं की नकाशावर तेच घालायचं, अशी सर्वेक्षण खात्याची एरवीची रीत.

के-१चं नाव सापडलं, माशेरब्रुम. ते सापडणारच होतं, कारण हुशे गावातून ते शिखर समोर दिसतं आणि रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या डोंगराला माणसं नाव देतातच. के-२चं तसं नव्हतं. ८,६११ मीटर उंची, एव्हरेस्टच्या खालोखाल जगात दुसरा. पण वाटेवरचं शेवटचं गाव अस्कोले, तिथून तो दिसत नाही. बाल्टोरो हिमनदीवरून कित्येक दिवस चाललं तरी मधले कडे त्याला झाकून ठेवतात. कॉन्कॉर्डियाला, जिथे दोन मोठ्या हिमनद्या मिळतात, तिथे उत्तरेकडे वळलं की तो पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकदम समोर येतो. तिथे ना वस्ती, ना कुरण. रोजच्या बोलण्यात या डोंगराचं नाव निघावं, असं कारणच नव्हतं.

‘चोगोरी’ हे नाव पुढे पुस्तकांतून पसरलं. बाल्टी भाषेत त्याचा अर्थ ‘मोठा डोंगर’, इतकाच. बाहेरच्या प्रवाशांनी विचारल्यावर मिळालेलं ते उत्तर असावं, गावकऱ्यांच्या तोंडी रुळलेलं नाव नव्हे, असं अनेक अभ्यासकांना वाटतं आणि मलाही ते पटतं. चीनमधलं अधिकृत नाव मात्र त्यावरूनच आलं.

मग १८६१ साली या हिमनद्यांचं सर्वेक्षण करणाऱ्या हेन्री गॉडविन-ऑस्टिनचं नाव पुढे आलं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते नाकारलं, तरी काही नकाशांवर ते चिकटून राहिलं. आपल्याकडे शाळेच्या भूगोलात ‘गॉडविन ऑस्टिन’ पाठ केलेली माणसं आजही भेटतील. तो कष्टाळू आणि जाणकार माणूस होता, पण सोसायटीचा नकार मला योग्य वाटतो. एव्हरेस्टच्या बाबतीत चोमोलुंगमा हे जुनं तिबेटी नाव असताना साहेबाचं नाव लादलं गेलं. इथे निदान तसं झालं नाही. के-२च्या पायथ्याशी जाणारी हिमनदी मात्र गॉडविन-ऑस्टिनच्या नावानेच ओळखली जाते.

माँटगोमेरीची तात्पुरती खूण अशी कायमची झाली. आता बाल्टी हमाल आणि वाटाडेही ‘केटू’च म्हणतात, एका दमात, एकच शब्द असल्यासारखं.