महापूर, आश्रयगृह आणि मांजर

पांजरपोळ म्हटली कीं डोळ्यांपुढें येतात त्या भाकड गाई आणि थकलेले बैल. परंतु मुंबईची पांजरपोळ निघाली ती कुत्र्यांच्या निमित्तानें. १८३२ सालीं मोकाट कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून शहरांत दंगल उसळली, आणि १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद ह्यांनीं ही संस्था स्थापिली. प्राण्यांचें आश्रयगृह संकटांतून जन्मास आलें तें असें.

मांजराची आठवण मात्र उशिरां झाली. प्लेगच्या काळीं अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन ह्यांनीं १९०८ च्या सुमारास प्रतिपादिलें कीं, ज्या गांवांत मांजरें पुष्कळ, तेथें प्लेग थोडा. आमच्या संकटांत मांजर असें उपयोगी पडलें. त्याच्या संकटांत आम्ही काय करतों?

कोल्हापुरास हा प्रश्न पंचगंगा विचारते. राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५५ फुटांवर गेलें आणि जुलै २०२१ मध्यें पुन्हां धोक्याच्या पातळीवर चढलें. अशा वेळीं गुरें दावें सोडून हांकतां येतात, कुत्रें धन्यामागें येतें. मांजर घराला धरून राहतें. माळ्यावर दडतें, हांकेला ओ देत नाहीं. त्याच्यापायीं माणूसही घरांत अडकतो. अमेरिकेंत २००५ च्या कॅटरिना वादळांत हेंच घडलें. म्हणून २००६ च्या कायद्यानें तेथील सुटकेच्या योजनांत पाळीव प्राण्यांचाही विचार करणें आवश्यक ठरलें.

पुराच्या दिवशीं आश्रयगृहाच्या दारांत मांजर सोडून येणें म्हणजे मदत नव्हे. दाटीवाटीनें कोंडलेल्या मांजरांत पडसें झपाट्यानें पसरतें. खरी मदत मृगापूर्वींची. उंच भागांतील कुटुंबांनीं संस्थेंतील एकदोन निरोगी मांजरें पावसाळ्यापुरतीं घरीं न्यावीं, म्हणजे पूरग्रस्तांच्या मांजरांस जागा मोकळी होईल. झांकणाच्या टोपल्या, जुनीं लुगडीं व कोरडी वाळू आधींच पोंचवावी. प्रत्येक टोपलीवर धन्याचें नांव व गल्ली लिहावी, आणि ती कुत्र्यांपासून दूर, शांत जागीं ठेवावी.

नदीकांठच्या श्रोत्यांनीं ती टोपली आजच घरांत उघडी ठेवावी. मांजर तींत निजूं लागलें, म्हणजे पाणी चढेल त्या रात्रीं तें तुमच्याबरोबर नावेंत येईल.