बीड जिल्ह्यातील कर्करोग तपासणी

बीड जिल्ह्यातील कर्करोग तपासणी म्हणजे महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात, लक्षणे नसलेल्या व्यक्तींमध्ये कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था शोधण्यासाठी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेमार्फत केली जाणारी तपासणी होय. तीत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन अवयवांच्या कर्करोगांचा समावेश होतो. त्वचेच्या कर्करोगासाठी स्वतंत्र मोहीम नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ आहे. येथील मोठा वर्ग दरवर्षी ऊसतोडणीसाठी स्थलांतर करीत असल्याने तपासणीचा प्रश्न येथे स्थलांतरापासून वेगळा करता येत नाही.

== पार्श्वभूमी ==

भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. बार्शीसह धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कार्यक्षेत्रात होती. नोंदणीचे कर्मचारी गावोगावी जाऊन रुग्ण शोधत आणि रोगाच्या लक्षणांची माहितीही देत. या लोकशिक्षणानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले.

बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून मोठी चाचणी झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती हाती घेतली होती. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षण, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी झाली. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा तेवढी मिळाली. २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४, तर चौथ्या गटात ६४ मृत्यू झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्मे झाले होते. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीपासून दूर ठेवल्याबद्दल पुढे या चाचणीवर नैतिक आक्षेपही घेतले गेले.

बीड व उस्मानाबाद जिल्ह्यांची संयुक्त नोंदणी राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात आहे. कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार येथील वयानुरूप दर पुरुषांत लाखामागे ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४ होता. देशातील सहभागी नोंदण्यांमध्ये हे दोन्ही दर सर्वांत कमी होते. मात्र ज्या रुग्णाचे निदानच झाले नाही, तो कोणत्याही नोंदणीत येत नाही. त्यामुळे कमी दराचा अर्थ लावताना निदानाच्या सोयी किती आहेत, हेही पाहावे लागते.

== तपासणीचे स्वरूप ==

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची या तीन कर्करोगांसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी अपेक्षित आहे. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन प्रश्नावली भरते. तोंडातील न भरणारी जखम, स्तनातील गाठ, मासिक पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव यांविषयी तीत विचारणा असते. पुढील तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावल्यावर सुमारे मिनिटभरात पांढरा डाग उमटल्यास स्त्रीला वरच्या रुग्णालयात पाठवले जाते. पूर्वावस्थेतील दोष गोठवून किंवा जाळून नष्ट करता येतो. त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही.

कागदावर सोपी असणारी ही पद्धत व्यवहारात तितकी पोहोचलेली नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातील ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाल्याचे सांगितले. बीडमध्ये आणखी एक अडचण येते. ऊसतोड कामगारांच्या जोड्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावातील यादीत नाव असलेली स्त्री त्या काळात फडावर असते आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्राच्या यादीत तिचे नाव नसते.

== गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न ==

ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याची वृत्ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती त्याच वर्षी विधान परिषदेत देण्यात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीच्या दिवसांत बुडणारी मजुरी, खाडा झाल्यास भरावा लागणारा दंड, फडावरील स्वच्छतागृहांचा अभाव ही कारणे पुढे आली. श्वेतस्राव किंवा ओटीपोटातील दुखण्यासाठी दवाखान्यात गेल्यावर ‘पुढे कर्करोग होईल’ असे सांगितल्याचेही अनेक स्त्रियांनी सांगितले.

वस्तुतः ही शंका साध्या तपासणीने दूर करता येते. या स्त्रियांना कर्करोगाची भीती कळली होती. तपासणी मात्र पोहोचली नव्हती. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेल्यास अकाली रजोनिवृत्ती येते व हाडे ठिसूळ होऊ लागतात. या प्रकरणानंतर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले.

== त्वचेचा कर्करोग ==

त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरणांपासून संरक्षण देते. त्यामुळे भारतात त्वचेचा कर्करोग युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा बराच कमी आढळतो, आणि राष्ट्रीय तपासणीत त्याचा समावेश नाही. येथे तो बऱ्याचदा उन्हाशी संबंध नसलेल्या जागी होतो. मेलॅनोमा तळपायावर किंवा नखाखाली, तर शल्कपेशी कर्करोग जुन्या भाजल्याच्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेत उद्भवू शकतो. मुंबईत वसंत रामजी खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. साडी नेसणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांच्या कमरेवरील अशाच कर्करोगाची माहिती वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. यात दोष वस्त्राचा नसून एकाच जागी दीर्घकाळ होणाऱ्या घर्षणाचा असतो.

ग्रामीण महाराष्ट्रात घरोघरी त्वचा पाहिली जाते ती कुष्ठरोग शोध मोहिमेत. २०१६ पासून देशातील अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत अशा मोहिमा सुरू झाल्या. स्त्रियांची पाहणी आशा कार्यकर्ती आणि पुरुषांची पाहणी पुरुष स्वयंसेवक करतो. आशांच्या प्रश्नावलीतील त्वचेविषयीचे प्रश्नही बधिर चट्टे, जाड झालेली त्वचा व गाठी यांसंबंधीचे, म्हणजे कुष्ठरोगाचेच आहेत.

जर्मनीत २००८ पासून ३५ वर्षांवरील व्यक्तींना दर दोन वर्षांनी त्वचेची तपासणी उपलब्ध आहे. त्याआधी श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात २००३–०४ मध्ये सुमारे ३.६ लाख लोकांची तपासणी झाली होती. तेथील मेलॅनोमाचे मृत्यू आधी घटले, परंतु पुढे पूर्वीच्या पातळीवर परतले. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानेही २०२३ मध्ये, लक्षणे नसलेल्यांच्या सरसकट त्वचा तपासणीच्या लाभ-हानीविषयी पुरेसा पुरावा नसल्याचे नमूद केले.