अहवाल वाचला असे समजण्यात यावे

सहकार खात्यात लेखापरीक्षक म्हणून माझी एकतीस वर्षे गेली. या काळात सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मी शेकड्यांनी वाचली. त्यांत एक वाक्य हटकून सापडते : ‘अहवाल सभासदांना अगोदरच मिळालेला असल्याने तो वाचला असे समजण्यात यावे.’ सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. पुढे चहा आणि चिवडा. मी स्वतः ज्या सोसायटीचा सभासद होतो तिच्या सभेतही हेच होई, आणि खात्यातला माणूस असूनही मी हात वर करून मोकळा होत असे. त्या सोसायटीचे नाव घेत नाही. ती आता अवसायनात आहे आणि माझा भाग बुडाला तो फार मोठा नव्हता.

हे आठवायचे कारण वीज. आमच्या नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत कोळशावरचे वीज केंद्र आहे. २७० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे १३५० मेगावॉट. त्याला पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे. हे पाणी ओलितासाठी की विजेसाठी, यावरून जिल्ह्यात आंदोलने झाली आणि मामला न्यायालयातही गेला. तेव्हा चौकात बसलेल्या एका कास्तकाराने मला विचारले होते, “साहेब, तुम्ही सहकारातले. साखर सहकारी, दूध सहकारी, जिनिंग सहकारी. मंग लाइनच काऊन नाही सहकारी?” मी म्हटले, होती. महाराष्ट्रात होती, चाळीस वर्षे होती. तो हसला. त्याला ते खरे वाटले नाही. आपल्या वऱ्हाडात ही गोष्ट जवळजवळ कुणाला ठाऊक नाही, म्हणून हा लेख.

संस्थेचे नाव मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, मुक्काम श्रीरामपूर, तेव्हाचा अहमदनगर जिल्हा. आजच्या हिशेबाने श्रीरामपूर आणि राहुरी, शिवाय शेजारच्या राहाता, संगमनेर, नेवासे तालुक्यांतली काही गावे, अशी १८३ गावे तिच्या क्षेत्रात होती. खांब तिचे, तारा तिच्या, डीपी तिची, वायरमन तिचा आणि बिलही तिचेच. वीज मात्र ती स्वतः तयार करीत नव्हती. राज्य वीज मंडळाकडून ती घाऊक दराने घ्यायची आणि सभासदांना किरकोळ दराने द्यायची. हा व्यवहार किराणा दुकानासारखा आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पुढचे सगळे रामायण त्या दोन दरांमधल्या फरकाचे आहे.

या कल्पनेचे मूळ मात्र नगर जिल्ह्यातले नाही. १९३५च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे एक प्रशासन स्थापन केले. तेव्हा तिथल्या दर दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. खासगी कंपन्यांना दूरच्या दोन घरांसाठी मैलभर तार ओढणे परवडत नव्हते. मग सरकारने कमी व्याजाने कर्ज द्यायचे आणि शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर भरून सहकारी संस्था काढायची, असा मार्ग निघाला. अशा सुमारे नऊशे संस्था तिथे आजही आहेत.

माझ्या लेखापरीक्षकाच्या नजरेत भरल्या त्या तारा नव्हेत, रीती भरल्या. सुरुवातीच्या काळात त्यातल्या अनेक संस्थांचे सभासद स्वतःच मीटर वाचत, आकडा कार्डावर लिहीत, बिलाचा हिशेब स्वतः करीत आणि पैसे पाठवीत. वर्षअखेर शिल्लक उरली तर ती ज्याने जितकी वीज वापरली त्या प्रमाणात त्याच्या नावे जमा व्हायची. संस्था सभासदांसाठी मासिक काढायची. त्यात दरवाढ का झाली हे असायचे, आणि भाजी कशी टिकवावी हेही असायचे. वार्षिक सभेला लोक बायकामुलांसह जात, जेवण असे, विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करून दाखवीत. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनाचा आणि सप्त्याच्या पंगतीचा मेळ घातला तर जे होईल तसे काहीसे. सगळेच सभासद अहवाल वाचत असतील असे मी म्हणत नाही. पण महिन्यातून एकदा स्वतःच्या हाताने आकडा लिहिणाऱ्याला युनिट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

या संस्थांच्या राष्ट्रीय संघाची माणसे साठच्या दशकात भारतात आली. काळ दुष्काळाचा होता. १९६५-६६ आणि १९६६-६७ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता आणि पीएल-४८० करारातला अमेरिकन गहू बोटींनी येत होता. त्या धान्याची चव आमच्या पिढीच्या तोंडात अजून आहे, ती काही चांगली नाही. धान्य पिकवायचे तर विहिरीवर मोटर हवी, मोटरीला वीज हवी. वेंकटप्पय्या समितीने ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळे महामंडळ सुचवले आणि जुलै १९६९मध्ये ते स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या भांडवलात याच पीएल-४८०च्या गव्हाचा भारतात रुपयांत जमा झालेला पैसा होता. म्हणजे आपण खाल्लेल्या गव्हाची किंमत विजेच्या खांबांच्या रूपाने परत आली म्हणायची.

महामंडळाने प्रयोग म्हणून पाच संस्था निवडल्या : महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातले हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ.

मुळा-प्रवराच का, हा प्रश्न सोपा आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६पासून होते. कालव्याखाली ऊस होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभा केलेला सहकारी साखर कारखाना १९५०च्या आगेमागे सुरू झाला होता. सभासद, भाग, संचालक मंडळ हे शब्द तिथल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातले होते. विहिरी जवळजवळ होत्या, म्हणजे एका मैलाच्या तारेवर मोटरी जास्त.

वऱ्हाडात का नाही, याचे उत्तर त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे. आपली शेती कोरडवाहू कपाशी-ज्वारीची, विहिरी विरळ. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर विहीर खोदली तरी पाणी पिकाला चालत नाही. अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र साठच्या दशकातच सुरू झाले होते, पण केंद्र जवळ असणे आणि वावरात तार येणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे १९८४मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा त्यात कृषिपंपांचे विद्युतीकरण हेही एक खाते होते. अमरावती विभागाच्या नावावरची त्या खात्यातली बाकी कितीतरी वर्षे फिटली नाही.

मुळा-प्रवरेने मात्र काम केले, हे आधी नीट नोंदवले पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी तिचा कारभार सुरू झाला आणि शेवटी तिचे ग्राहक दीड लाखाच्या पुढे गेले. आता संस्थेची बदनामी तेवढी उरली आहे. पण तारा ओढल्या गेल्या होत्या आणि मोटरी चालत होत्या.

मग बिघडले कुठे? संस्थेची मोठी विक्री शेतीपंपांना. सत्तरच्या दशकातच राज्यात पंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी करण्याचे धोरण आले. पाच अश्वशक्तीची मोटर दोन तास चालवा की सोळा तास, बिल तेच. कास्तकाराला ते सोयीचे वाटले, राजकारण्याला त्याहून. पण मीटर गेले की हिशेबही गेला. पंपाने किती वीज खाल्ली, तारेत किती गळाली आणि आकडे टाकून किती गेली, हे तिन्ही आकडे एकमेकांत मिसळले. अंदाजाने पंपाचा वापर जास्त दाखवला की गळती कमी दिसते, कमी दाखवला की गळती वाढते. ज्या तक्त्यात दोन अज्ञात संख्या एकमेकींना झाकतात, तो तक्ता तपासता येत नाही. ही माझ्या धंद्यातली पहिली शिकवण आहे.

दुसरी गोष्ट अधिक मुळाशी जाणारी. शेतीला स्वस्त वीज द्यायची तर तोटा कुणीतरी सोसावा लागतो. वीज मंडळाजवळ ठाणे, पुणे, नाशिकचे कारखाने होते. त्यांच्याकडून जास्त दर घेऊन ते शेतीची तूट भरून काढू शकत होते. मुळा-प्रवरेजवळ ऊस आणि कांदा. कारखानदारी नावापुरती. मंडळाकडून कोणत्या दराने वीज घ्यायची, यावर संस्था आणि मंडळ वर्षानुवर्षे भांडत राहिले. संस्थेचे म्हणणे की आमचे गिऱ्हाईक पाहून दर लावा, सरकारचे अनुदान आम्हालाही द्या. मंडळाचे म्हणणे, घेतलेल्या विजेचे पैसे द्या. १९९९मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, २००३चा वीज कायदा आला, २००५मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झाली, मधेच २००४च्या निवडणुकीच्या तोंडावर शेतीला वीज फुकट जाहीर झाली आणि वर्षभरात ती परतही घेतली गेली. भांडण चालूच होते. थकबाकीवर व्याज चढत होते. अखेरीला महावितरणचे येणे दोन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले.

इथे दोन्ही बाजूंचे वकील तावातावाने बोलतात. मला विचाराल तर दराबाबत संस्थेच्या म्हणण्यात तथ्य होते. पण दर अन्यायाचा आहे म्हणून उधारी साठू द्यायची, हा मार्ग कोणत्याही दुकानदाराने धरू नये. राजकारणात वजन असलेली माणसे संस्थेशी जोडलेली होती. थकबाकी चालवून घेतली गेली ती त्या वजनामुळे, हा आरोप जाहीरपणे होत राहिला. मी तो सिद्ध करायला बसलेलो नाही.

माझा प्रश्न निराळा आहे. दोन हजार कोटी एका रात्रीत होत नाहीत. दरवर्षी ताळेबंदात देण्याच्या बाजूला तो आकडा वाढत गेला असणार. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०चे कलम ३२ सभासदाला संस्थेत जाऊन ताळेबंद, सभांची इतिवृत्ते, संचालकांची यादी पाहण्याचा हक्क देते. कलम ७५ दरवर्षी सभा घ्यायला लावते. कागदोपत्री कमी काहीच नाही. पण दीड लाख ग्राहकांची संस्था आणि सभेचा मांडव केवढा! त्यात बसलेल्या माणसाला ‘घाऊक वीजखरेदी देणे’ ही ओळ दिसली तरी तिचा अर्थ आपल्या मोटरीशी कसा लागतो हे कुणी सांगायचे? स्वतःचे बिल भरणाऱ्याला वाटते, माझी बाकी शून्य. तो मालकही आहे आणि मालकाच्या डोक्यावर कर्ज आहे, हे बिलावर छापलेले नसते.

परवान्याची मुदत ३१ जानेवारी २०११ रोजी संपली. आयोगाने त्या क्षेत्राचा परवाना महावितरणला दिला आणि फेब्रुवारीपासून बिलावरचे नाव बदलले. संस्था दाद मागत वरच्या पायऱ्या चढली, पण वितरण तिच्या हाती परत आले नाही. योगायोग असा की त्याच वर्षी नागपूरच्या मोठ्या भागाचे वितरण एका खासगी कंपनीला फ्रँचायझी म्हणून सोपवले गेले. तो प्रयोगही २०१९मध्ये संपला. तेव्हा फक्त सहकारच नापास झाला असे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

पाचांतल्या कोडिनार आणि लखनौच्या संस्थाही गेल्या. हुक्केरी आणि सिरसिल्ला मात्र अजून वीज वाटत आहेत. हुक्केरी तर आपल्या अंगणात, संकेश्वरच्या वाटेवर. कर्नाटकात अशी ती एकटीच. तिथल्या निवडणुका चुरशीच्या होतात. चुरस असली की विरोधक ताळेबंद वाचतात, हा सहकारातला एक न लिहिलेला नियम मी अनुभवाने शिकलो आहे. बिनविरोध निवडणूक झाली की आपण पेढे वाटतो. लेखापरीक्षकाच्या पोटात तेव्हाच गोळा येतो.

आणखी एक गंमत. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या थलप्पलम बँकेच्या खटल्यात सांगितले की सहकारी संस्था सर्वसाधारणपणे माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाहीत. महावितरण सरकारी कंपनी, ती येते. दरवाढीच्या वेळी आयोग अमरावतीलाही जाहीर सुनावणी ठेवतो, कुणीही उठून बोलू शकतो. म्हणजे श्रीरामपूरचा शेतकरी मालक होता तेव्हा त्याच्या हाती कलम ३२ होते, आणि नुसता ग्राहक झाल्यावर दहा रुपयांचा अर्ज आला. यातले अधिक धारदार हत्यार कोणते, हे मी ठरवू शकलेलो नाही. मी एका सुनावणीला गेलो होतो. कारखानदारांच्या संघटना आकडे घेऊन आल्या होत्या. कास्तकार चार-दोन, तेही डीपी जळाल्याचे सांगायला आलेले. त्यांच्यासाठी तोच सगळ्यात मोठा आकडा होता.

आता शेतीच्या सौर विजेचे वारे आहे. केंद्राच्या कुसुम योजनेत अर्धा ते दोन मेगावॉटचे प्रकल्प शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायती उभारू शकतात आणि वीज वितरण कंपनीला विकू शकतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातली पाच-सहा पोरे असा एक गट करायचा म्हणून पोटनियमांचा कच्चा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. मसुदा कुठल्यातरी दूध संस्थेच्या पोटनियमांवरून उतरवलेला होता, दोन ठिकाणी ‘फॅट’ राहून गेले होते. ते मी खोडले. एक कलम स्वतःच्या हाताने घातले : दर महिन्याच्या पाच तारखेला किती युनिट तयार झाले, किती विकले, कुणाकडून किती येणे आणि कुणाला किती देणे, एवढे चार आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहायचे.

अध्यक्ष होऊ घातलेला पोरगा म्हणाला, “काका, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं त नाही चालत का?”

“टाक. पण फळ्यावरही लिही.”

“कोण वाचते जी?”

“वाचत नाही तो म्हातारा पारावर बसून विचारते तरी, की काल होता तो आकडा आज काऊन वाढला.”

त्याने कलम राहू दिले. फळा मात्र अजून विकत घ्यायचा आहे.