सॉफ्टवेअर कंपन्यांतील आवश्यकता अभियांत्रिकी : महाराष्ट्रातील वाटचालीचा एक ऐतिहासिक आढावा

संगणकाची आज्ञावली लिहिण्यापूर्वी ती नेमकी कोणासाठी व कशासाठी हवी आहे, हे विचारून, लिहून, तपासून व संबंधितांची संमती घेऊन निश्चित करण्याच्या शास्त्रास ‘रिक्वायरमेंट्स इंजिनिअरिंग’ अर्थात आवश्यकता अभियांत्रिकी असे म्हणतात. हा विषय सामान्यतः संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांकडे सोपविला जातो. तथापि महाराष्ट्रातील सॉफ्टवेअर व्यवसायात ही पद्धती कशी रुजली आणि तिचे कोणते अंग दुबळे राहिले, हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

ऑक्टोबर 1968 मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ ही संज्ञा प्रतिष्ठित झाली. त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांतर्गत हिशेबांचा मेळ घालणे हे या संस्थेच्या आरंभीच्या कामांपैकी एक होय. येथे ग्राहकही मुंबईतला व काम करणारेही मुंबईतले. खातेवहीतील नोंद समजली नाही, तर ती लिहिणाऱ्याला जाऊन विचारता येत होते.

1974 मध्ये बरोज या अमेरिकन कंपनीचे काम मिळाले आणि चित्र पालटले. रुग्णालयांच्या हिशेबाची अगोदरच तयार असलेली प्रणाली त्याच कंपनीच्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी रूपांतरित करावयाची होती. मूळ आज्ञावली जे करते तेच नव्या यंत्रावर करून दाखविले की काम पूर्ण. रुग्णालयातील कारकुनाला काय हवे होते, हा प्रश्न पूर्वीच कोणीतरी समुद्रापलीकडे सोडविलेला होता. 1973 मध्ये अंधेरीत स्थापन झालेल्या ‘सीप्झ’ या निर्यात क्षेत्रातून पुढे जी सॉफ्टवेअर निर्यात वाढली, तिच्यातील बरेचसे काम याच जातीचे होते. शतकाअखेरीच्या ‘वाय टू के’ दुरुस्त्या हे त्याचे टोकाचे उदाहरण म्हणता येईल. लिहून आलेली आवश्यकता काटेकोरपणे पार पाडण्यात आपले अभियंते निष्णात झाले, यात शंका नाही. परंतु न लिहिलेली आवश्यकता शोधून काढण्याचा सराव त्यांना फारसा मिळाला नाही.

या प्रवृत्तीला गुणवत्तेच्या मानकांनीही नकळत बळ दिले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने 1993 मध्ये क्षमता परिपक्वता प्रतिमानाची, म्हणजे ‘सीएमएम’ची, 1.1 ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्या दुसऱ्या पातळीवर ‘आवश्यकता व्यवस्थापन’ हे महत्त्वाचे क्षेत्र होते. त्याचा मजकूर बारकाईने वाचल्यास ध्यानात येते की, सॉफ्टवेअर गटाकडे सोपविण्यात आलेल्या आवश्यकता तेथे गृहीत धरल्या होत्या. त्या शोधण्याची जबाबदारी त्या गटावर टाकलेली नव्हती. ‘आवश्यकता विकसन’ हे स्वतंत्र क्षेत्र 2000 मध्ये आलेल्या ‘सीएमएमआय’मध्ये तिसऱ्या पातळीवर अवतरले. तोवर पाचव्या पातळीची प्रमाणपत्रे भारतीय कंपन्यांच्या स्वागतकक्षांतून झळकू लागली होती. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1987 च्या प्रसिद्ध निबंधात नेमके काय बांधावयाचे हे ठरविणे हाच सर्वांत अवघड भाग असल्याचे प्रतिपादन केले होते, हे येथे आठवावे. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्राने प्रतिमानांवरून आज्ञावली निर्माण करणारी साधने विकसित केली. ते कार्य मोलाचेच आहे. मात्र माहिती देणाऱ्याने जे सांगितलेच नाही, ते प्रतिमानात कोठून येणार?

या उणिवेचे स्वरूप निर्यातीच्या कामापेक्षा घरच्या कामात अधिक स्पष्ट दिसते. त्यासाठी खासगी कंपन्यांच्या कक्षेबाहेरचे, परंतु सर्वांच्या परिचयाचे उदाहरण घेतो : सातबारा. केंद्र पुरस्कृत भूमी अभिलेख संगणकीकरण योजनेच्या 1988-89 मधील पथदर्शी जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता. त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, 2017 च्या उन्हाळ्यात, संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळतो की नाही हे तपासण्यासाठी गावोगाव चावडी वाचन करावे लागले. यातील पुष्कळ चुका टंकलेखनाच्या होत्या. त्यांचा दोष आवश्यकतांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पण कंसाची गोष्ट वेगळी आहे. मयत खातेदाराचे किंवा फेडलेल्या बोजाचे नाव तलाठी कंसात टाकतो. महसुली परिभाषेत कंस म्हणजे ‘आता हे लागू नाही’. सामान्य वाचकाला मात्र कंस म्हणजे अधिकची माहिती! कागदावर तलाठी समोर असल्याने हा अर्थ तोंडी सांगितला जाई. महाजालावरून घेतलेल्या उताऱ्यासोबत तलाठी येत नाही. 2020 च्या सुधारित नमुन्यात अशा नोंदींवर आडवी रेष मारून त्या खोडलेल्या दाखविण्याचे ठरले. एका रेषेची ही आवश्यकता आरंभी दहा खातेदारांना नुसता उतारा वाचावयास देऊन कळली असती.

वसई तालुक्यातील जूचंद्रसारख्या गावात तर हा विषय पुस्तकी राहत नाही. शेतजमिनी, मिठागरे आणि नव्या इमारती येथे एकमेकांना लागून आहेत. बिनशेती झालेल्या भूखंडाला पिकांची नोंद करणारा गाव नमुना 12 कशाला हवा, हा साधा प्रश्न. 2020 च्या बदलांत त्याचाही विचार झाला आणि बिनशेती क्षेत्रासाठी आर व चौरस मीटर हे एकक आले. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जमीन जागेवरच राहिली आणि अभिलेखातील जिल्हा बदलला. जिल्हा हा कधी न बदलणारा घटक आहे असे मानून जी प्रणाली रचली जाईल, तिला असा दिवस महागात पडतो.

आता सुधारणेविषयी. आवश्यकतांतील प्रत्येक बदलाचा माग ठेवावा, असे पाठ्यपुस्तके सांगतात आणि त्यासाठी कंपन्या परदेशी साधने विकत घेतात. गंमत अशी की, याची उत्तम देशी पद्धत गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 150 नुसार तलाठी फेरफाराची नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी मुदत असते, आणि त्यानंतरच मंडल अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. बदल कोणी मागितला, केव्हा, कोणत्या कारणाने आणि कोणाची हरकत होती, हे सारे एका क्रमांकाखाली सापडते. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या आवश्यकता दस्तऐवजात बदलाचा दिनांक आणि मंजुरी देणाऱ्याची सही बहुधा असते. हरकतीचा रकाना क्वचितच असतो, आणि प्रणाली प्रत्यक्ष वापरणाऱ्या कारकुनाला नोटीस देण्याची प्रथा तर त्याहून विरळ. हा एक रकाना वाढविण्यास कोणत्याही नव्या साधनाची गरज नाही. त्यात काय लिहावे हे ठरविताना मात्र संगणकतज्ज्ञाच्या शेजारी निवृत्त तलाठी किंवा बँकेतील जुना हिशेबनीस बसविणे अगत्याचे आहे.